सॅलरी आर्बिट्रेशनने खेळाडूचं भलं होतं की टीमशी कायमचं बिनसतं?

निळी_रेघ

एनएचएल, म्हणजे अमेरिका-कॅनडातली आईस हॉकी लीग, गेली काही वर्षं नियमित बघतोय. खेळ, लाईन्स, पॉवर प्ले हे सगळं आता अंगवळणी पडलंय पण १ जुलैला फ्री एजन्सी सुरू झाली की माझं डोकं चालेनासं होतं. यूएफए (अनरिस्ट्रिक्टेड फ्री एजंट) म्हणजे मोकळा, कुठेही सही करू शकतो, इथवर समजलं. पण आरएफएचं (रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट) नक्की काय? करार संपलाय तरी तो टीमचाच कसा राहतो? आणि त्यात वर हे आर्बिट्रेशन, म्हणजे पगाराचा वाद तिऱ्हाईत लवादापुढे नेणं.

हे सगळं बोस्टन ब्रुइन्सच्या गोली (गोलकीपर) स्वेमनमुळे डोक्यात घोळतंय. २०२३ च्या उन्हाळ्यात ब्रुइन्सनी त्याच्यासाठी २ मिलियन डॉलरचा आकडा मांडला, त्याने ४.८ मागितले, आर्बिट्रेटरने एका वर्षाचे ३.४७५ दिले. म्हणजे टीमच्या आकड्यापेक्षा जवळपास दीड मिलियन जास्तच मिळाले की. तरी नंतर तो म्हणाला की हे परत कधीच नको, मित्रांवरही अशी वेळ येऊ नये. पैसे वाढून मिळाले आणि माणूस दुखावला, हे काही पचत नाहीये.

आणि ट्रूबा गेला, सुबान गेला, मार्क स्टोन गेला, वेबरही शेवटी नॅशव्हिलमधून गेलाच. म्हणजे आर्बिट्रेशनच्या दारात गेला की खेळाडू वर्षा-दोन वर्षांत टीम सोडतोच असं धरून चालायचं का? जाणकारांनी जरा सविस्तर सांगा, घाई नाहीये.

चौथी_लाईन

आधी आरएफएचं सांगतो कारण ते कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

करार संपला म्हणून खेळाडू मोकळा होत नाही. मोकळं व्हायला एकतर वय २७ पाहिजे नाहीतर सात सीझन जमा पाहिजेत (सीझन धरायला ४० मॅचेस, गोलीला ३०). म्हणजे अठराव्या वर्षी लीगमध्ये आलेला पोरगा पंचविसाव्या वर्षी मोकळा होऊ शकतो आणि कॉलेज खेळून उशिरा आलेला सत्ताविसाव्या. तोवर टीमने क्वालिफायिंग ऑफर (नियमाने ठरलेली किमान ऑफर) दिली की त्याचे हक्क टीमकडे राहतात. आणि हे २७ सुद्धा लीग आणि खेळाडू संघटनेच्या २००५ च्या करारात भांडून मिळालंय बरं का, ज्या लॉकआऊटमध्ये २००४-०५ चा अख्खा सीझन रद्द झाला त्यातून. त्याआधी वय ३१ होतं! म्हणजे उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्याच्या मुठीत.

आता आरएफएच्या हातात काय उरतं? दुसऱ्या टीमची ऑफर शीट (तिने देऊ केलेला करार, जुनी टीम तेवढेच देऊन तो मॅच करू शकते), पण ती फार थोड्यांच्या वाट्याला येते. नाहीतर सही न करता घरी बसायचं, त्यालाही १ डिसेंबरची मुदत, तोवर सही नाही केली तर तो सीझन गेला. आणि तिसरं आर्बिट्रेशन. तेही सगळ्यांना नाही, पहिला करार १८ ते २० व्या वर्षी केला असेल तर चार वर्षांचा अनुभव लागतो, २१ व्या वर्षी केला असेल तर तीन, पुढे कमी कमी होत जातं. स्वेमन कॉलेजमधून आला, २१ व्या वर्षी सही केली, म्हणून तीन वर्षांनी पात्र झाला.

५ जुलैपर्यंत अर्ज करायचा, मग जुलैच्या शेवटाला हिअरिंग, ४८ तासांत निकाल. बेसबॉलसारखं दोनातला एक आकडा उचलायचं बंधन इथे नाही, आर्बिट्रेटर मधला कुठलाही देऊ शकतो. आणि गंमत बघा, ट्रूबाने २०१८ ला ७ मागितले, जेट्सनी ४ म्हटलं, मिळाले ५.५, बरोब्बर मध्य. स्वेमनचा मध्य ३.४, मिळाले ३.४७५. सॅम्सोनोव्हने त्याच उन्हाळ्यात ४.९ मागितले, लीफ्सनी २.४ म्हटलं, मध्य ३.६५ आणि मिळाले ३.५५. नेहमीच असं होतं असं नाही पण हे बघून दोन्ही बाजू आपापला आकडा टोकाला ओढतात, आणि टीमचा आकडा खाली ओढायचा म्हणजे खेळाडूला खाली ओढणं आलंच. स्वेमन दुखावला त्याचं मूळ इथे आहे.

आणखी एक. तुलना करताना मोकळ्या बाजारातले करार पुराव्यात चालत नाहीत. म्हणजे यूएफए म्हणून कोणाला किती मिळाले ते दाखवायचंच नाही, आरएफए असताना सही केलेल्यांशीच तुलना. त्यामुळे आर्बिट्रेशनचा आकडा बाजारभावाच्या खालीच राहतो. टीमची आर्थिक अवस्था, कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगाराची मर्यादा) जागा आहे की नाही, पेपरातल्या बातम्या, हेही चालत नाही. आकडे, खेळलेल्या मॅचेस, दुखापती, टीमच्या यशात वाटा, नेतृत्व, एवढ्यावरच सगळा खेळ.

गार्गी_एस

चौथी लाईन, नियम छान सांगितलेत पण "आकडा खाली ओढायचा" हे तुम्ही एका ओळीत उरकलंत. तिथेच तर सगळं दुखणं आहे.

स्वेमनचंच घ्या. २०२२-२३ चा त्याचा सीझन: २४ विजय, ६ पराभव, ४ ओव्हरटाईममधले, सेव्ह टक्केवारी .९२०, टीमने ६५ मॅचेस जिंकून लीगचा रेकॉर्ड केला. आता या चांगल्या सीझनमधून २ मिलियनची केस कशी उभी करायची? आत काय बोलले ते बाहेर आलेलं नाही, पण टीमच्या वकिलाच्या जागी बसून बघा, मार्ग एकच दिसतो. मॅचेस फक्त ३७, म्हणजे निम्मं काम टीमचा दुसरा गोली उलमार्कने केलं, वेझिना (सर्वोत्तम गोलीची ट्रॉफी) त्याला मिळाली, पुढे बर्जरॉनसारखा सेंटर आणि एवढा भक्कम डिफेन्स असताना कोणीही गोली चांगलाच दिसणार. यातलं एकेक वाक्य आकड्यांना धरून आहे. पण ते ज्या माणसासमोर वाचलं जातं तो चोवीस वर्षांचा आहे आणि दोन महिन्यांनी त्याच लोकांसाठी त्याला जाळीपुढे उभं राहायचंय. गोलीचा धंदाच विश्वासावर चालतो हो. बचाव करणाऱ्याने एका बाजूचा शॉट अडवला की दुसरी बाजू माझी, हे न बोलता ठरलेलं असतं, आणि इथे त्याला कागदावर लिहून सांगितलं जातं की तू नव्हतास म्हणून काही बिघडलं नसतं.

टॉमी सालोचा किस्सा जुन्या लोकांना आठवत असेल. १९९७, न्यूयॉर्क आयलँडर्स, जनरल मॅनेजर माइक मिलबरी. हिअरिंगमध्ये सालोच्या खेळाची अशी चिरफाड केली की त्याला रडू फुटलं. १९९९ मध्ये त्याला एडमंटनला पाठवून दिला आणि तिथे तो पहिल्या नंबरचा गोली म्हणून वर्षानुवर्षं खेळला. म्हणजे माणूस टाकाऊ नव्हता ना? मग दोन-चार लाख डॉलर वाचवायला कशाला त्याची ती अवस्था करायची. मला तर ही पद्धतच चुकीची वाटते. मतभेद दोन आकड्यांचा आहे तर आकडेच पाठवा, समोरासमोर बसवून हे ऐकवायची काय गरज?

आणि याची किंमत टीमलाच पडते. २०२४ ला स्वेमनला परत अर्ज करता आला असता, त्याने केला नाही. सीझनआधीच्या कॅम्पला आला नाही. अध्यक्ष कॅम नीली पत्रकारांसमोर ६४ मिलियनचा उल्लेख करून बसले, एजंटने लगेच सांगितलं की असा आकडा आमच्यापुढे आलाच नव्हता, सगळं चव्हाट्यावर. शेवटी ऑक्टोबरमध्ये आठ वर्षांचे ६६ मिलियन दिले. तोवर त्यांनी उलमार्कला ऑटवाला देऊन टाकलं होतं, म्हणजे हातात दुसरा हुकमी गोलीच नाही. २०२३ ला थोडं वर सरकले असते तर एवढं सगळं टळलं असतं असं मला मनापासून वाटतं.

निळी_रेघ

गार्गी ताई, हे वाचून वाईट वाटलं. मग एजंट खेळाडूला बाहेरच का नाही ठेवत? आणि चौथी लाईन दादा, सुबानचं तर हिअरिंग झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ७२ मिलियनचा करार झाला होता ना, मग आत जाऊन आलं की टीम मऊ होते असं नाही का म्हणता येणार?

सुमेध_ओ

सुबानवाला रस्ता आता बंद आहे. २०१४ ला त्याने ८.५ मागितले होते, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सनी ५.२५ म्हटलं, हिअरिंग झालं आणि निकाल यायच्या आत आठ वर्षांची सही झाली. २०२० च्या सुधारणेनंतर हिअरिंग सुरू झालं की तडजोड नाही, जे काही करायचं ते दार उघडायच्या आधी. माझ्या मते हा गेल्या काही वर्षांतला सगळ्यात चांगला बदल आहे कारण आता दोघांनाही खरी भीती वाटते आणि आदल्या रात्रीपर्यंत फोन चालू राहतात.

बाहेर ठेवण्याबद्दल, केसचे कागद हिअरिंगच्या ४८ तास आधी एकमेकांना द्यावे लागतात. खोलीत नाही गेलात तरी आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचायला मिळतंच.

पण गार्गी, तुझं दुःख पटतं तरी "बिनसतं म्हणून जातात" हे मला पटत नाही. मला वाटतं ते कॅलेंडरमुळे जातात. आर्बिट्रेशनचा निकाल एक किंवा दोन वर्षांचाच असतो. जास्त नाहीच. मुदत किती ते, खेळाडूने अर्ज केला असेल तर टीम निवडते, आणि मोकळा व्हायला एकच वर्ष उरलं असेल तर एकच वर्ष. म्हणजे निकाल कोणाच्याही बाजूने लागो, खेळाडू थेट मोकळ्या बाजाराच्या उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. टीमला मग एकच विचार, उद्या फुकटात जाईल त्यापेक्षा आजच ट्रेड करू. स्टोनचं बघ, २०१८ ला ऑटवाशी एका वर्षाचे ७.३५ मिलियन, पुढच्या फेब्रुवारीत वेगासला. ट्रूबा पुढच्या जूनमध्ये रेंजर्सला, तिथे लगेच सात वर्षांचे ५६ मिलियन. त्याने तर २०१६ लाच ट्रेड मागितला होता, आर्बिट्रेशनने नवीन काही बिघडवलं नाही. आणि सुबानला कॅनेडियन्सनी जून २०१६ च्या शेवटी वेबरच्या बदल्यात दिलं, त्याचं ट्रेड-बंदीचं कलम १ जुलैला लागू होणार होतं म्हणून त्याच्या दोन दिवस आधी.

उलट बाजू बघायची असेल तर तोच २०१८ चा उन्हाळा, तीच विनिपेग जेट्स टीम. त्यांचा गोली हेलेबकनेही अर्ज केला होता. हिअरिंगच्या आधीच सहा वर्षांचे ३७ मिलियन ठरले. तो अजून तिथेच आहे, २०२३ ला पुढच्या सात वर्षांची सही केली आणि २०२५ ला हार्ट ट्रॉफी (लीगमधल्या सर्वात मौल्यवान खेळाडूची) घेतली. परायकोचंही तसंच, २०१७ ला ब्लूजकडे अर्ज, हिअरिंगआधी पाच वर्षांचा करार, २०१९ ला स्टॅन्ली कप. अर्ज करणाऱ्यांपैकी फार थोडे खोलीपर्यंत जातात, बहुतेकांचं आधीच मिटतं. म्हणून अर्ज करणं म्हणजे भांडण नव्हे, तारीख ठरवून घेणं. नाहीतर टीम आरएफएला सप्टेंबरपर्यंत लटकवत ठेवू शकते. शिवाय अर्ज केला की पगाराचा काहीतरी निकाल नक्की लागणार, कॅम्प चुकणार नाही, ही खात्री त्या पोराला दुसरीकडून कुठून मिळणार?

वेबरचं उदाहरण मात्र या यादीत घालू नकोस निळी रेघ. २०११ ला नॅशव्हिल प्रेडेटर्सनी स्वतःच त्याला आर्बिट्रेशनला नेलं, ४.७५ म्हटलं, त्याने ८.५, मिळाले ७.५, त्या वेळचा सगळ्यात मोठा निकाल. पुढच्या उन्हाळ्यात फ्लायर्सनी १४ वर्षं ११० मिलियनची ऑफर शीट दिली आणि प्रेडेटर्सनी ती मॅच केली. तो पुढे चार सीझन तिथेच कॅप्टन होता.

जाळीमागे

सगळे मोठ्या नावांबद्दल बोलताय. स्वेमनला ६६ मिलियन मिळाले, सुबानला ७२, ते बरे आहेत सगळे. आर्बिट्रेशनचा खरा फटका मधल्या फळीला बसतो, तिकडे कोणाचं लक्ष जात नाही म्हणून लिहितोय.

क्लार्क मॅकार्थर, २०१०. अटलांटा थ्रॅशर्सकडे होता. आर्बिट्रेटरने २.४ मिलियन दिले, म्हणजे कागदावर जिंकला. थ्रॅशर्स म्हणाले आम्हाला नको आणि उठून गेले. नियमच तसा आहे, खेळाडूने अर्ज केला असेल आणि निकाल ठराविक रकमेच्या वर गेला तर टीम तो नाकारू शकते, मग खेळाडू यूएफए. ऐकायला छान, मोकळा झाला! पण तारीख काय? ऑगस्ट उजाडायला आलेला. १ जुलैला सगळ्यांनी पैसे वाटून टाकलेले, कॅप भरलेली. टोरांटोशी १.१ मिलियनवर सही करावी लागली. जिंकलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी.

त्याच उन्हाळ्यात अँटी निएमी. नुकताच शिकागोला कप जिंकून दिलेला गोली. निकाल २.७५ मिलियन. ब्लॅकहॉक्सची कॅप फुटायला आली होती, बिफ्युग्लिन, लॅड, व्हर्स्टीग सगळे विकून झाले होते, शिवाय सॅन होजेने यालमार्सनला दिलेली ऑफर शीट, चार वर्षं १४ मिलियन, त्यांना मॅच करावी लागली होती. मग निएमीला सोडलं आणि मार्टी टर्कोला १.३ मध्ये आणलं. निएमी गेला कुठे? सॅन होजेलाच, २ मिलियनवर. म्हणजे ज्या टीमने ऑफर शीट टाकून शिकागोला अडचणीत आणलं, गोलीही शेवटी तिलाच मिळाला. वर चौथी लाईन म्हणाले ना की कॅपची परिस्थिती पुराव्यात चालत नाही, त्याचा अर्थ हा आहे. आर्बिट्रेटर सांगतो तुझी किंमत अमुक. ती द्यायला टीमच्या खिशात जागा आहे का हे तो बघतच नाही.

आणि हल्ली टीम्स तेवढीही वाट बघत नाहीत. अर्जाची वेळच येऊ द्यायची नाही, क्वालिफायिंग ऑफरच द्यायची नाही. अँथनी डुक्लेर, २०१९-२० ला ऑटवाकडून २३ गोल, ऑल-स्टार मॅच खेळला, सेनेटर्सनी ऑफर दिली नाही. फ्लोरिडाला १.७ मिलियनवर एका वर्षासाठी गेला. २०२२ ला शिकागोने डिलन स्ट्रोमला असंच सोडलं, पंचविशीतला सेंटर, वॉशिंग्टनने ३.५ मिलियनला घेतला, पुढे पाच वर्षांचा करारही दिला. हे दोघं सावरले. पण चाळीस पॉइंट्सच्या आसपास फिरणारा प्रत्येक आरएफए जूनचा शेवटचा आठवडा कसा काढत असेल विचार करा. आर्बिट्रेशनचा हक्क त्याच्याकडे आहे म्हणूनच टीमला तो महाग वाटतो. हक्क नसता तर कदाचित ठेवला असता, कमी पैशात.

माझं म्हणणं एवढंच की वॉक-अवेची, म्हणजे टीमने निकाल नाकारायची, तारीख अलीकडे आणा. जूनमध्येच हिअरिंग घ्या, म्हणजे टीमने नाकारलं तर निदान १ जुलैच्या बाजारात तरी तो पोरगा उभा राहू शकेल. संघटनेने यावर जोर का लावला नाही हे मला कळत नाही.

चौथी_लाईन

जूनमध्ये हिअरिंग ही कल्पना चांगली आहे पण जूनमध्ये फायनल चालू असते, ड्राफ्ट असतो, कप खेळणाऱ्या टीमच्या खेळाडूचं काय करणार? निएमी २०१० ला ९ जूनपर्यंत खेळत होता. कप जिंकल्यावर आठवड्याभरात हिअरिंग, कागद कधी तयार करायचे.

जाळीमागे

त्या दोन टीम्सना जास्तीची मुदत द्या की. बाकीच्या तीस टीम्स एप्रिल-मेमध्ये मोकळ्या होतात. सगळ्यांना ऑगस्टपर्यंत टांगून ठेवायचं ते दोघांसाठी?

गार्गी_एस

जाळीमागे, हे पटलं. मॅकार्थरचा आकडा मला माहीत नव्हता, निम्म्याहून कमी म्हणजे फारच झालं.

सुमेध, कॅलेंडरचं म्हणतोस ते बरोबर आहे, पण हेलेबकचं मिटलं कारण त्याला ते सगळं ऐकावं लागलंच नाही. तू दिलेली दोन्ही चांगली उदाहरणं हिअरिंगच्या आधी सही झालेली आहेत. ट्रूबा आणि हेलेबक, एक टीम, एक उन्हाळा, एक खोलीत गेला आणि एक नाही. माझं म्हणणं त्यातूनच निघतं.

सुमेध_ओ

मान्य, खोली टाळावी याबद्दल आपलं दुमत नाहीच. फक्त खोलीत गेलो म्हणून नातं तुटलं की आधीच ताणलेलं होतं म्हणून खोलीपर्यंत गेलं, हे ट्रूबाच्या बाबतीत तरी दुसरंच आहे. स्वेमनच्या बाबतीत तू म्हणतेस तसं असेल.

निळी रेघ, अजून एक बघून ठेव म्हणजे पुढच्या जुलैत गोंधळ होणार नाही. आर्बिट्रेशनच्या प्रक्रियेत असलेल्या खेळाडूला ऑफर शीट देता येत नाही. म्हणून कधी कधी टीमच अर्ज करते, पगार कमी करायला नाही, दुसऱ्यांना लांब ठेवायला. २०२२ ला कॅलगरीने मॅथ्यू कचकसाठी तेच केलं, त्याला लांबचा करार तिथे करायचा नव्हता. अर्ज टाकून दार बंद केलं, थोडे दिवस मिळवले आणि आठ वर्षं ७६ मिलियनची सही करून त्याला फ्लोरिडाला पाठवला, बदल्यात ह्युबर्डो, वीगर, एक प्रॉस्पेक्ट आणि पहिल्या फेरीचा पिक. हिअरिंग झालंच नाही. तेव्हा एखाद्या मोठ्या नावापुढे "टीमने आर्बिट्रेशनला नेलं" असं दिसलं तर लगेच भांडण समजू नकोस, आधी बघ की कोणाची ऑफर शीट येण्यासारखी होती का.

निळी_रेघ

सगळ्यांचे आभार, आता चित्र बरंच स्पष्ट झालं. म्हणजे ५ जुलैला यादी आली की आधी दोन गोष्टी बघायच्या, मोकळं व्हायला किती वर्षं उरलीत आणि टीमकडे कॅपमध्ये जागा किती आहे. एक राहिलं, सप्टेंबर २०२६ पासून नवीन करारात स्वतःच्या खेळाडूलाही सातच वर्षं देता येणार, आठ नाही. याने आर्बिट्रेशनकडे जाणारे वाढतील का?

सुमेध_ओ

मला नाही वाटत फार फरक पडेल. सात वर्षं काय आणि आठ काय, दोन्ही एका वर्षाच्या निकालापेक्षा कितीतरी लांब आहेत, आणि कॅप ८८ वरून ९५.५ मिलियनवर गेली, पुढे १०४, म्हणजे सध्या टीम्सच्या हातात पैसा आहे. पैसा असला की हिअरिंगआधीच मिटतं. जाळीमागेंच्या मधल्या फळीलाही थोडी वर्षं बरी जातील.

जाळीमागे

टीम्सनी तो पैसा पहिल्या दोन लाईन्सवर नाही उडवला तर. २०१० ला शिकागोकडेही कप होता, पैसा होता, आणि गोलीच परवडला नाही.